सेनापती पडल्यावर लढाई कोण चालवतं?

१४ जानेवारी १७६१. पानिपताच्या रणात दुपारी विश्वासरावांना गोळी लागली. सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. मागच्यांना अंबारी रिकामी दिसली, भाऊही गेले असं वाटलं आणि फौजेचा धीर सुटला. ही हकिकत आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत, म्हणूनच तिच्यातला प्रश्न आपल्याला सहसा टोचत नाही. सकाळपासून जिवाच्या आकांताने लढणारे, कित्येक ठिकाणी शत्रूला मागे रेटणारे हजारो कसलेले लोक एका हत्तीच्या पाठीवर कोणी दिसत नाही म्हणून कसे फुटतात?

आता बहात्तर वर्षं मागे जाऊ. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांची हत्या केली. त्याच वर्षी रायगड पडला, येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या हाती लागले. राजाराम महाराज आजच्या तमिळनाडूतल्या जिंजीला पोचले आणि पुढे तिथेही वेढा पडला. राजधानी हातची गेलेली आणि राजा शेकडो कोस दूर, अशा अवस्थेत फौजेने शस्त्रं टाकायला हवी होती. ती आणखी अठरा वर्षं लढली, आणि १७०७ मध्ये अहमदनगरला डोळे मिटेपर्यंत औरंगजेबाला दख्खन पुरतं जिंकता आलं नाही.

एका दिवसाची मैदानी लढाई आणि वर्षानुवर्षं चाललेला गनिमी संघर्ष यांची तुलना जपून करायला हवी, हे मान्य. तरीही फरक विचार करायला लावणारा आहे. एकदा शीर गेलं आणि धड लढत राहिलं. दुसऱ्यांदा शीर दिसेनासं झालं आणि धड कोसळलं. लष्करी विचारवंत या फरकाचा अभ्यास गेली दोनशे वर्षं करत आहेत, आणि त्यांचं उत्तर मुख्यतः हुकूम कसा दिला जातो याभोवती फिरतं.

नेल्सनचं जेवण

पानिपतानंतर ४४ वर्षांनी, २१ ऑक्टोबर १८०५ रोजी, स्पेनच्या किनाऱ्याजवळ ट्रफाल्गारची आरमारी लढाई झाली. एका बाजूला इंग्रजांची २७ मोठी लढाऊ जहाजं, दुसऱ्या बाजूला फ्रेंच आणि स्पॅनिश मिळून ३३. लढाई पेटून तास-दीड तास झाला असेल-नसेल, तोच इंग्रजांचा सेनापती होरेशिओ नेल्सन याला ‘व्हिक्टरी’ जहाजाच्या डेकवर गोळी लागली. त्याला खाली नेलं आणि साडेचारच्या सुमारास तो गेला. म्हणजे लढाईच्या ऐन भरात आरमाराचा मुख्य अंथरुणाला खिळलेला होता. तरी संध्याकाळपर्यंत शत्रूची १८ जहाजं पकडली गेली किंवा नष्ट झाली. इंग्रजांचं एकही गेलं नाही.

याची तयारी तीन आठवडे आधी सुरू झाली होती. सप्टेंबरच्या शेवटी नेल्सन आरमारात दाखल झाला आणि त्याने आपल्या कप्तानांना ‘व्हिक्टरी’वर जेवायला बोलावलं. सगळ्यांना एकदम बसवणं शक्य नव्हतं, म्हणून दोन दिवस पंगती उठल्या. जेवताना त्याने बेत उलगडून सांगितला. नेहमीसारखं शत्रूच्या रांगेला समांतर रांग लावायची नाही. दोन तुकड्या करून शत्रूची रांग मधेच कापायची आणि जवळून भिडायचं. दुसरी तुकडी उपसेनापती कॉलिंगवुडकडे राहील आणि ती कशी चालवायची हे तोच ठरवेल. ९ ऑक्टोबरला हेच त्याने लेखी टिपणात उतरवलं आणि त्यात एक तरतूद घातली: धुरामुळे निशाणं दिसली नाहीत किंवा कळली नाहीत, तर ज्या कप्तानाने आपलं जहाज शत्रूच्या जहाजाला भिडवलं त्याचं फारसं चुकलं असं म्हणता येणार नाही.

या एका तरतुदीत किती गोष्टी आहेत पाहा. निरोप पोचणार नाहीत हे सेनापतीने आधीच धरून चाललेलं आहे. निरोप पोचला नाही तर काय करायचं हे सांगितलेलं आहे. आणि तसं करताना काही बिघडलं, तर दोष येणार नाही असं अभयही दिलेलं आहे. लढाईच्या सकाळी नेल्सन निशाणं चढवू लागला तेव्हा काय करायचं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, आता याने निशाणं थांबवावीत, असं कॉलिंगवुड पुटपुटला म्हणतात.

हुकूम थोडक्यात देता येतो तो आधी भरपूर बोलणं झालेलं असेल तर. विकेंद्रित नेतृत्व म्हणजे वरिष्ठाने लगाम सोडून देणं, असा अनेकांचा समज असतो. माझ्या मते हा समज मुळातच चुकीचा आहे. वरिष्ठ त्यात जास्तच राबतो. फक्त त्याचं राबणं लढाईच्या दिवशी दिसत नाही, कारण ते आधी उरकलेलं असतं.

निरोप पोचेपर्यंत लढाई पुढे गेलेली असते

ट्रफाल्गारनंतर वर्षभरातच याची उलटी बाजू युरोपने पाहिली. १४ ऑक्टोबर १८०६ रोजी आउअरश्टेट इथे प्रशिया या जर्मन राज्याचं मुख्य सैन्य फ्रेंच मार्शल दाव्हूच्या निम्म्याहून कमी फौजेपुढे उभं होतं. प्रशियाचा सेनापती ड्यूक ऑफ ब्रन्सविक डोळ्यांना गोळी लागून घायाळ झाला. राजा रणांगणावर हजर होता, पण त्याने सूत्रं स्वतः हाती घेतली नाहीत आणि दुसऱ्या कोणाकडे दिलीही नाहीत. कवायतीत युरोपभर नावाजलेलं ते सैन्य त्या दिवशी हरलं आणि पुढच्या काही आठवड्यांत राज्यच कोलमडलं.

त्या पराभवातून शार्नहोर्स्ट, ग्नायझेनाउ, क्लाउझेवित्झ ही सुधारकांची पिढी उभी राहिली. क्लाउझेवित्झने युद्धातल्या ‘घर्षणा’चा विचार मांडला. कागदावर सोपी वाटणारी प्रत्येक गोष्ट प्रत्यक्षात चिखल, थकवा, भीती, चुकीची बातमी आणि हरवलेला जासूद यांत अडकते, असा त्याचा आशय. मग सेनापतीने काय करावं? ज्याला पुढचं दिसतं आहे त्याच्याकडे निर्णय सोपवावा.

हे प्रत्यक्षात आणलं हेल्मुट फॉन मोल्टकेने. १८५७ पासून तो प्रशियाच्या जनरल स्टाफचा प्रमुख होता. शत्रूच्या मुख्य फौजेशी पहिली गाठ पडल्यानंतर कोणतीही योजना जशीच्या तशी टिकत नाही, हे त्याचं म्हणणं आज सगळीकडे सांगितलं जातं. त्यामागची व्यावहारिक अडचण मात्र सहसा सांगितली जात नाही. रेल्वेमुळे सैन्यं प्रचंड झाली होती. १८६६ च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात प्रशियाच्या फौजा वेगवेगळ्या मार्गांनी बोहेमियात उतरत होत्या आणि मोल्टके सुरुवातीला बर्लिनमध्ये तारायंत्राजवळ बसला होता. २२ जूनला त्याने फौजांना बोहेमियात शिरायला सांगितलं आणि गिट्शिनच्या दिशेने एकमेकांजवळ यायला सांगितलं. वाट, वेग, वाटेतल्या चकमकी हे सगळं त्या त्या सेनापतीवर सोडलं. ३ जुलैला क्योनिगग्रेट्झच्या लढाईत प्रशियाच्या युवराजाची फौज दुपारी ऑस्ट्रियनांच्या बगलेवर येऊन आदळली आणि युद्धाचा निकाल लागला.

मोल्टके तारायंत्राचा चाहता होता, पण त्याचा धोकाही ओळखून होता. पाठीला तारेचं टोक बांधलेल्या सेनापतीची त्याला कीव येई. मागून कोणीतरी सतत सूचना देत असेल तर पुढचा माणूस स्वतः बघायचं आणि विचार करायचं सोडून देतो.

दोन वाजता मोटर बंद कर

हुकमाचे दोन प्रकार समजून घ्यायला एक घरचं उदाहरण घेऊ. शेतकरी तालुक्याला जाताना मुलाला दारं धरायला सांगतो. एक सांगणं असं: ‘दोन वाजता मोटर बंद कर.’ दुसरं असं: ‘शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचलं की मोटर बंद कर. उद्या लाइट नाही, म्हणून आज सगळा ऊस भिजला पाहिजे.’ मधे तासभर वीज गेली तर पहिल्या सांगण्याप्रमाणे वागणारा मुलगा दोनला मोटर बंद करील आणि अर्धा ऊस कोरडा राहील. त्याने हुकूम तंतोतंत पाळलेला असेल. दुसरा मुलगा तीनपर्यंत थांबेल. वरच्या सऱ्यांत पाणी मुरत नाही असं दिसलं तर तो एखादं दारं आधी फोडेल. हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं, पण काय साधायचं ते माहीत होतं.

लष्करी भाषेत पहिल्या प्रकारात ‘काय करायचं आणि कसं’ सांगितलेलं असतं, तर दुसऱ्यात ‘काय साधायचं आणि कशासाठी’. जर्मन सैन्याने या दुसऱ्या पद्धतीला ‘आउफट्रागसटाक्टिक’ हे नाव दिलं. आज इंग्रजी बोलणारी सैन्यं तिला ‘मिशन कमांड’ म्हणतात. असा हुकूम तयार होतो तो साधारण असा.

आधी वरिष्ठ हेतू सांगतो. ‘तो पूल ताब्यात घे’ हे काम झालं. ‘उद्या पहाटे आपले रणगाडे नदीपार जायला हवेत, म्हणून तो पूल शाबूत ताब्यात घे’ यात काम आणि हेतू दोन्ही आले. पूल शत्रूने उडवलेला निघाला, तर पहिल्या हुकमाचा धनी तिथेच थांबून विचारणा करील. दुसऱ्याचा धनी आसपास उतार शोधू लागेल, कारण पूल हे साधन होतं आणि रणगाडे पलीकडे जाणं हे साध्य.

मग हाताखालच्याला दोन पायऱ्या वरचं चित्र दिलं जातं. कंपनी कमांडरला आपल्या बटालियनचा हेतू ठाऊक हवा आणि ब्रिगेडचाही. बटालियनशी संपर्क तुटला तरी मोठ्या चित्रात आपण कुठे आहोत हे त्याला कळत राहतं. त्यानंतर मर्यादा ठरतात: शेजारच्या तुकडीचा पट्टा कुठून सुरू होतो, कोणती गोष्ट विचारल्याशिवाय करायची नाही, वेळ किती. मर्यादा जितक्या स्पष्ट, तितकं त्यांच्या आत मोकळेपणाने वागता येतं.

शेवटची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हुकूम घेणारा तो स्वतःच्या शब्दांत परत सांगतो: मला हे साधायचं आहे, मी असं असं करणार आहे. हुकमातलेच शब्द पोपटासारखे म्हणून चालत नाही. ऐकणाऱ्याच्या डोक्यात वेगळंच चित्र तयार झालं असेल तर ते इथे पकडलं जातं, गोळ्या सुटायच्या आत.

> चौकट: लेखी हुकमाचे पाच भाग
> भारतासह अनेक देशांच्या सैन्यांत हुकूम साधारण याच क्रमाने दिला जातो.
> परिस्थिती: शत्रू कुठे, आपले कुठे, वरच्यांचा हेतू काय.
> कामगिरी: काय साधायचं आणि कशासाठी, एक-दोन वाक्यांत.
> कार्यवाही: ढोबळ बेत, कोणाकडे काय, वेळा आणि हद्दी.
> रसद: दारूगोळा, अन्न-पाणी, जखमींची व्यवस्था.
> नेतृत्व आणि संपर्क: वायरलेस आणि खुणा, कमांडर कुठे असेल, आणि तो पडला तर सूत्रं कोणाकडे.

पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी

हेतू लिहिला की काम भागलं, असंही नाही. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रायमियातल्या बालाक्लाव्हाला जे घडलं ते याच कारणासाठी बारकाईने पाहण्यासारखं आहे.

इंग्रज सेनापती लॉर्ड रॅग्लन उंच टेकडीवर उभा होता. तिथून त्याला दिसलं की बाजूच्या उंचवट्यावर सकाळी काबीज केलेल्या इंग्रजी तोफा रशियन ओढून नेत आहेत. त्याने सांगितलं आणि त्याच्या अधिकाऱ्याने, एअरीने, पेन्सिलीने चिठ्ठी लिहिली. आशय असा, की घोडदळाने त्वरेने पुढे जावं आणि शत्रूला तोफा नेण्यापासून रोखावं. काम आहे, हेतूही आहे. कॅप्टन नोलन ती चिठ्ठी घेऊन कड्यावरून घोडा फेकत खाली आला.

खाली दरीत घोडदळाचा प्रमुख लॉर्ड लुकन उभा होता. त्याच्या आणि त्या उंचवट्याच्या मधे जमीन वर चढत होती, त्यामुळे टेकडीवरून लख्ख दिसणाऱ्या तोफा त्याला दिसत नव्हत्या. कोणत्या तोफा, असं त्याने विचारलं. नोलन घोडदळाच्या दिरंगाईने आधीच चिडलेला होता. त्याने हात झटकून समोर दाखवलं: तो पाहा शत्रू, त्या तोफा. त्या दिशेला लुकनला दिसत होत्या त्या दरीच्या टोकाच्या, सुमारे दोन किलोमीटरवरच्या, रशियनांच्या सज्ज तोफा. दोन्ही बाजूंच्या चढांवरही रशियनच.

लुकनने पुन्हा विचारलं नाही. त्याने हुकूम हलक्या घोडदळाच्या ब्रिगेडचा प्रमुख लॉर्ड कार्डिगनला दिला. कार्डिगन त्याचा मेहुणा आणि दोघांचं जुनं वैर. कार्डिगनने शंका काढली, लुकनने खांदे उडवले, आणि सुमारे ६७० स्वार दरीत शिरले. शंभरावर मारले गेले, दीडशेच्या आसपास जखमी झाले, साडेतीनशेहून जास्त घोडी गेली. नोलन पहिल्या काही मिनिटांतच पडला, त्यामुळे त्याच्या मनात कोणत्या तोफा होत्या हे कधीच कळलं नाही.

चिठ्ठी लिहिणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांना जे दिसलं ते लिहिलं. वाचणारा कुठे उभा आहे आणि त्याला काय दिसतं याचा विचार केला नाही. निरोप्याने शंकेचं उत्तर रागाने दिलं. आणि लुकन-कार्डिगन यांच्यात इतका अविश्वास होता, की ‘हा हुकूम मूर्खपणाचा वाटतो, वर पुन्हा विचारू’ इतकं साधं वाक्य दोघांत होऊ शकलं नाही. उलट विचारणं म्हणजे अवज्ञा असं जिथे मानलं जातं, तिथे उत्तम शब्दांत लिहिलेला हुकूमही माणसं मारतो.

मेघनेच्या काठावर

आता आपल्या सैन्याचं उदाहरण. डिसेंबर १९७१ मध्ये लेफ्टनंट जनरल सगत सिंग चौथ्या कोअरचे प्रमुख होते. त्रिपुराच्या बाजूने पूर्व पाकिस्तानात शिरून मेघना नदीपर्यंतचा प्रदेश काबीज करायचा, ही त्यांची कामगिरी. नदी अफाट रुंद, आणि आशुगंजचा रेल्वेपूल पाकिस्तानी सैन्याने ९ डिसेंबरला उडवून दिला. नेमून दिलेलं काम इथे जवळजवळ संपत होतं.

सगत सिंगांनी युद्धाचा मोठा हेतू पाहिला. ढाका पलीकडे होतं आणि शत्रू विस्कळीत झालेला होता. त्यांनी ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या एमआय-४ हेलिकॉप्टरांतून जवान नदीपार रायपुऱ्याला उतरवायला सुरुवात केली. बाकीचे मिळतील त्या होड्यांतून गेले, स्थानिक लोकांनी सामान वाहून नेलं. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.

हे त्यांनी पहिल्यांदाच केलं नव्हतं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी मुख्य चढाई पूर्वेकडून मेजर जनरल कँडेथ यांच्या डिव्हिजनची होती. सगत सिंगांच्या ५० पॅरा ब्रिगेडकडे उत्तरेकडून दुय्यम भूमिका होती. पण ती ब्रिगेड इतक्या वेगाने सरकली, की १८ तारखेच्या संध्याकाळी तिचे लोक मांडवीकाठी बेतीला होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीत.

मोकळीक आणि मनमानी

पानिपताकडे पुन्हा पाहिलं, तर तिथे दुसरीही एक गोष्ट दिसते. भाऊंचा बेत इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि कवायती पायदळ यांच्या आधाराने गोल करून पुढे सरकायचा होता. लढाई रंगात आली तेव्हा विंचूरकर आणि गायकवाड यांच्या स्वारांनी गारद्यांची आघाडी सोडून पुढे मुसंडी मारली आणि आपल्याच तोफांची वाट अडवली, असं वर्णन मिळतं. त्यांच्या शौर्याबद्दल शंका नाही. पण तोफखान्याभोवती लढण्याची पद्धत त्यांच्या अंगवळणी पडलेली नव्हती, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची सवय स्वतःच्या हिमतीवर तुटून पडण्याची. त्या सैन्यात सरदारांना मोकळीक भरपूर होती, लढाईचं सामायिक चित्र मात्र नव्हतं. म्हणून एकाच दिवशी दोन्ही दोष दिसले: काही जण न विचारता पुढे गेले, आणि अंबारी रिकामी दिसताच बाकीच्यांना काय करावं ते सुचलं नाही.

१६८९ नंतर चित्र वेगळं होतं. जिंजीहून निरोप यायचा तर मोगली मुलखातून, आणि पोचायला कितीतरी दिवस. म्हणून राजाराम महाराजांनी रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकूमतपन्हा’ हा किताब आणि महाराष्ट्रातला कारभार स्वतःच्या अखत्यारीत चालवण्याचा अधिकार दिला. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव कुठे, कधी, कोणावर तुटून पडायचं हे स्वतः ठरवत. गड राखायचे, रसद तोडायची, बादशहाला स्वस्थ बसू द्यायचं नाही, हा हेतू शेवटच्या शिलेदारालाही कळत होता. पण विश्वासाला तडा गेल्यावर हीच व्यवस्था किती महाग पडते तेही त्याच काळात दिसलं. संताजींचं छत्रपतींशी आणि धनाजींशी बिनसलं, आपसांत लढाया झाल्या आणि १६९७ मध्ये संताजी मारले गेले. सरदारांना बांधून ठेवण्यासाठी दिलेल्या वतनांनी आणि मुलखांनी पुढच्या शतकात त्यांना आपापले राजे बनवलं. युद्धापुरती दिलेली मोकळीक युद्धानंतर परत घेता येत नाही, याचं इतकं मोठं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

प्रशियालाही किंमत मोजावी लागली. फ्रान्सविरुद्धच्या युद्धात, ६ ऑगस्ट १८७० रोजी, श्पिखेरेनला जनरल कामेकेने स्वतःच्या अंदाजावर उंचावरच्या फ्रेंचांवर हल्ला चढवला. अंदाज चुकला आणि प्रशियाची हानी फ्रेंचांपेक्षा जास्त झाली. पण तोफांचा आवाज ऐकून शेजारच्या तुकड्या हुकमाची वाट न पाहता मदतीला धावल्या आणि अखेर फ्रेंच मागे हटले. ज्या सवयीमुळे चूक झाली, तिनेच चूक सावरली.

पडद्यासमोरचा सेनापती

आज अडचण उलट दिशेने येते आहे. व्हिएतनाममध्ये खाली जंगलात एक कंपनी लढत असताना वर वेगवेगळ्या उंचीवर बटालियन, ब्रिगेड आणि डिव्हिजनचे कमांडर हेलिकॉप्टरांतून घिरट्या घालत वायरलेसवर तिला सूचना देत. आता त्यासाठी हेलिकॉप्टरही लागत नाही. ड्रोनने पाठवलेलं चित्र शेकडो किलोमीटर दूरच्या पडद्यावर उमटतं आणि ‘त्या झाडामागे जा’ असं सांगायचा मोह जनरललाही होतो. पडद्यावर झाड दिसतं, पण थकलेला जवान, ओला दारूगोळा, झाडामागचा चिखल दिसत नाही. आणि शत्रूने वायरलेस जॅम केला की पडदा काळा होतो. युक्रेनच्या युद्धात हे रोज घडताना दिसतं. ज्या तुकडीला तोवर पावलापावलाला सूचना मिळत होत्या, ती त्याच क्षणी आंधळी होते.

म्हणून ही सवय शांततेच्या काळातच लावावी लागते, आणि ती लावायच्या रीती ठरून गेलेल्या आहेत. सरावात पंच अचानक कमांडरला ‘मेला’ म्हणून बाजूला बसवतात आणि पुढच्याला सूत्रं घ्यावी लागतात, तो गेला की त्याच्या पुढच्याला. कधी ठरवून वायरलेस बंद केला जातो. जर्मन लष्करी शाळांत असे प्रश्न घातले जात, की दिलेला हुकूम बदललेल्या परिस्थितीत चुकीचा ठरेल आणि उमेदवाराने तो बाजूला ठेवून वरच्यांचा हेतू कसा साधायचा ते ठरवावं. उत्तर बरोबर आहे का, हे नंतर पाहिलं जाई. ठरवलेल्या वेळात निर्णय घेतला का, आणि त्याचं कारण नीट सांगता येतं का, हे आधी.